दोन वर्षं जास्तीची

सगुणा,

तुला माती देऊन आल्यावर काही दिवसांनी तुझ्या भावाने मला ग्रामपंचायतीत सोबत नेलं. मृत्यूची नोंद करायची होती, आणि तुमच्या घरात कागदपत्रांचं बघणारं माणूस म्हणजे तूच होतीस. संगणकासमोरच्या तरुणाने नाव लिहून घेतलं, गाव लिहून घेतलं आणि विचारलं, "वय?" भावाने माझ्याकडे पाहिलं. तुझी आई दाराशी उकिडवी बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "जंगलातला बांबू फुलला होता ना, त्याच्या दुसऱ्या साली झाली ते."

तरुण हसला नाही. "आजी, तसं नाई लिहिता येत. आधारवर का आहे ते सांगा."

तुझं कागदावरचं वय मला पाठ होतं. तुझ्या स्पर्धांच्या प्रवेशिका मीच भरत आलो होतो. मी ते सांगितलं, त्याने ते लिहिलं. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "बराबर लिवलं ना सर?" मी "हो" म्हणालो.

म्हणजे अगदी शेवटच्या नोंदीतही मी तुला दोन वर्षांनी मोठी करून ठेवलं आहे. तुझ्या वाट्याला आयुष्य आधीच थोडं आलं होतं. त्यात तू न जगलेली दोन वर्षं माझ्या तोंडून घातली गेली. आज लिहायला बसलो आहे तो त्या एका "हो"मुळे.

तुझ्या शाळाप्रवेशाची गोष्ट तू मला कितीदा सांगितलीस, आणि दर वेळी हसत सांगितलीस. थोरल्या भावाच्या मागे मागे तू गावातल्या शाळेत गेलीस. तेव्हाच्या मास्तरांकडे वय ठरवायची एकच पद्धत होती. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान पकडायचा. कान हाती लागला की मूल सहा वर्षांचं. भावाचा जेमतेम लागला. तुझा सहज लागला, वर तू तो पिळूनही दाखवलास. चार वर्षांची तू त्या क्षणी सहाची झालीस आणि सगळ्या वर्गाला मिळाली तीच जून महिन्यातली जन्मतारीख तुलाही मिळाली. खरं एवढंच होतं की तुझे हात लांब होते. पाय त्याहून लांब होते. ज्या अंगकाठीकडे पाहून पुढे मी तुला शंभर मीटरच्या रेषेवर उभं केलं, तिनेच तुझी दोन वर्षं आधी खाऊन टाकली होती.

त्या मास्तरांना मी दोष देत नाही. त्यांनी तुला एकदा पाहिलं आणि अंदाज केला. मी तुला रोज पाहत होतो.

धानोऱ्याकडच्या आमच्या निवासी शाळेत तू आलीस तेव्हा मी तिशीतला क्रीडाशिक्षक होतो आणि मला घाई होती. मैदान म्हणजे धान कापून झालेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सपाट करून केलेली जागा. पहाटे मी चुन्याची फक्की मारून रेषा आखायचो आणि तुम्ही मुली थंडीत हात काखेत घालून उभ्या राहायचात. तुला सतरा वर्षांखालील गटात धरलं होतं, म्हणून मी तुझ्याकडून सतरा वर्षांच्या मुलीचा सराव करून घेतला. चढावर धावणं, खांद्यावर रेतीचं पोतं घेऊन उड्या, मग पुन्हा चढ. एके दिवशी तू पोतं खाली ठेवलंस.

"सर, मी यायच्यातली नाई."

"म्हणजे?"

"मी लहान आहो. माही माय म्हन्ते."

मागून एकजण ओरडली, "बाळ हो बाळ! दूध पाजा कोनी तिले!" सगळ्या हसल्या. मीही हसलो. म्हणालो, "प्रत्येकीची आई हेच सांगते. उचल पोतं." तू उचललंस. रात्री नडग्या ठणकतात म्हणून वसतिगृहात तू विटकर गरम करून शेकत बसायचीस, हे मला माहीत होतं. मी त्याला चिकाटी म्हणत असे. मुख्याध्यापकांसमोर तुझं उदाहरण देत असे.

तू जिंकत होतीस, हे माझं समर्थन होतं. गडचिरोलीला जिल्हा स्पर्धेत जिंकलीस, विभागात जिंकलीस. शाळेच्या कपाटात चषक आले, आणि माझं नाव आलं. राज्य स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत मात्र तू सर्वांत मागे होतीस. परतीच्या गाडीत मी तुझ्याशी बोललो नाही. त्या शर्यतीतल्या मुलींमध्ये बहुधा तूच सर्वांत लहान होतीस, आणि तरीही तिथवर पोचली होतीस, हे मला त्या गाडीत कळायला हवं होतं. तू खिडकीला डोकं टेकवून झोपली होतीस. झोपेत तू जेवढी होतीस तेवढीच दिसत होतीस. मी बाहेर बघत राहिलो.

पुढचं वर्षभर तुझी वेळ सुधारली नाही. निवासी क्रीडा केंद्राच्या निवडीतून तू परत आलीस. मग मैदानावर, इतर मुली पाणी प्यायला गेलेल्या असताना, मी तुला समजावून सांगितलं. माझा आवाज मृदू आहे असं लोक म्हणतात; त्या दिवशी तो फारच मृदू होता. म्हटलं, "सगुणा, तुझी वाढ आता पूर्ण झाली आहे. जेवढं होणार होतं तेवढं झालं. बारावीकडे लक्ष दे, भरतीची तयारी कर." तू रडली नाहीस. तू फक्त विचारलंस, "मंग सर, उद्या सकारी येऊ नको का?"

मी म्हणालो, "येऊन काय करणार?"

कागदावर तू सतरा पार केली होतीस. बांबूच्या हिशेबाने तू पंधरा वर्षांची होतीस.

यानंतर बरीच वर्षं तू माझ्यासाठी कपाटातला चषक होतीस. मग एका सकाळी गडचिरोलीच्या बसमध्ये चढलो तर खाकी गणवेशातली उंच वाहक माझ्यासमोर तिकिटाचं यंत्र घेऊन उभी. मला वर बघावं लागलं.

"ज्येष्ठ नागरिक झाले का सर? कार्ड असन तर दाखवा, अर्धं तिकीट देतो."

"अगं, मला अजून वेळ आहे!"

"आता का सांगावं. दिसता तर तसेच." शेजारचे म्हातारे गृहस्थ हसले. तू त्यांना म्हणालीस, "बावा, हे माहे सर. यायनं मले उंचीवरून म्हातारी केलतं. मी यायले कार्ड पाहून करून राह्यली, तरी यायले राग येते."

मी विचारलं, "इतकी उंच कधी झालीस?"

तिकीट फाडून माझ्या हातात देत तू म्हणालीस, "तुमी सोडलं ना सर, मंग वाढली मी. बारावीत सलवारी आखूड झाल्या सगळ्या. माय म्हने, आता थांब वो, कपडा कुठून आनू."

तू हे हसून सांगितलंस. तुझ्या बोलण्यात काटा नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज वाटतं, काटा होता आणि तो तू अतिशय जपून, मला फार लागू नये अशा बेताने टोचला होतास. पुढल्या थांब्यावर तू खाली उतरून एका बाईचं मोहफुलांचं गाठोडं वर चढवलंस आणि धावत येऊन चालत्या बसचा दांडा धरलास. चार-पाच ढांगाच असतील. मी क्रीडाशिक्षक आहे, मला धाव ओळखता येते. त्या ढांगांत जे होतं ते मी तुझ्या पंधराव्या वर्षी शोधत होतो, आणि ते तेव्हा तुझ्यात असणंच शक्य नव्हतं.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. ते बसमध्ये झालं, थांब्यावर झालं, फोनवर झालं. ते आता कधी संपणार नाही.

ड्यूटी संपली की धानोऱ्याच्या मैदानाच्या एका कडेला तू काही मुली जमवायला लागलीस. मला वाटलं, शर्यतींची तयारी. मी पाहायला आलो, तर मुली लंगडी खेळत होत्या. मग शिवाशिवी, मग टायरवरून उड्या. पळणं म्हणावं असं अगदी थोडं, आणि पळून झालं की प्रत्येकीला एक उकडलेलं अंडं. मी विचारलं, "स्पर्धा कधी?" तू म्हणालीस, "कोनाची? यायची का तुमची?"

आगारातल्या विश्रांतीच्या खोलीत तू मोबाइलवर देशोदेशीच्या शर्यती बघायचीस. आधी शाळकरी मुलांच्या, मग मोठ्यांच्या, आणि तीच नावं पुन्हा सापडतात का ते शोधायचीस. बहुतेक सापडत नाहीत, असं तू मला सांगितलंस तेव्हा मी अविश्वास दाखवला. खरं तर बऱ्याच वर्षांपूर्वी प्रशिक्षकांच्या एका वर्गात मी नेमकं हेच ऐकलं होतं, आणि विसरलो होतो. तू सांगायचीस, जमैकात शाळेच्या पोरांची शर्यत बघायला अख्खं मैदान भरते, तरी तिथले सारेच पोरं पुढे चमकत नाहीत; पन एकजन गळला तर मागं दुसरा उभा असते. अमेरिकेत कॉलेज त्यांना धरून ठेवतं, बाविशी-तेविशीपर्यंत धावायला कारण देतं. युरोपात कितीतरी ठिकाणी क्लबातली मुलं खूप उशिरापर्यंत अडथळे, उडी, फेक सगळंच करतात आणि मग कुठे एक वाट धरतात. प्रत्येक देशाची रीत निराळी, पण मूल मोठं होईपर्यंत थांबणं सगळीकडे कुठेतरी आहेच.

"आनि आपल्याकडे?" तूच विचारायचीस आणि तूच सांगायचीस. "आपल्याकडे पोरगी जिंकली का प्रमानपत्र. प्रमानपत्र भेटलं का नोकरी. नोकरी भेटली का पळनं बंद. तिकडं पोरगी विशीत सुरू होते सर. आपली विशीत संपते."

मी म्हणालो, "तुझं तरी वेगळं काय झालं? त्याच प्रमाणपत्राचे गुण तुला या नोकरीसाठी उपयोगी पडले."

"पडले. नाई कुठं म्हन्ते? म्हनून तर मले ठाऊक आहे, ते केवढ्याले पडते."

आणि मग रोशनी आली. तुझ्या त्या मुलींतली सर्वांत वेगवान, आणि सध्या आमच्याच शाळेच्या वसतिगृहात राहणारी. तिच्या बाबतीत कान धरायचीही गरज पडली नाही. थोरल्या बहिणीबरोबर एकाच वर्गात, एकाच खोलीत राहावी म्हणून प्रवेशाच्या वेळी तिचं वय वाढवून सांगितलं गेलं. कागदावर यंदा तिचं सतराखालचं शेवटचं वर्ष आहे. निवासी क्रीडा केंद्राची निवड पुढच्या महिन्यात. यंदा गेली नाही, तर ते दार तिला बंद.

मी म्हणालो, पाठवू या. तू म्हणालीस, नाही.

"ते तिले सतराची समजून रगडतीन. वर्षभरानं म्हनतीन, वाढ झाली, जा घरी. मले ठाऊक आहे ना, कसं म्हनतात ते."

"ज्युनिअर सुटलं तर पुन्हा मिळणार नाही, सगुणा."

"सुटू द्या. सीनिअरले कोनी जन्मतारीख विचारत नाई, सर. तिथी फक्त पळा लागते."

एवढं नेमकं वाक्य मी माझ्या सबंध नोकरीत बोललो नाही. त्यावर मी जे हाती आलं ते फेकलं. म्हणालो, "तुझ्या त्या देशांमध्ये पोरीला विशीपर्यंत कोणीतरी जेवू घालतं. इथे कोण घालणार? केंद्रात निदान दोन वेळचं नीट मिळेल. अंड्यावर धावपटू होत नाही."

"मी घालीन ना," तू म्हणालीस.

मी हसलो. तुला आठवत असेल, चांगला मोठ्याने हसलो. "किती जणींना?" असंही म्हणालो. तू यंत्र खांद्याला अडकवलंस, "चला सर, गाडीचा टाइम झाला," म्हणालीस आणि निघालीस. तुझा राग मला पाठीवरून कळला. वाटलं, रविवारी फोन करू. रविवारी वाटलं, तिचा राग निवला की करू. मग तुला ताप आला, आणि ताप डोक्यात गेला, आणि मला कळलं तेव्हा तू बोलण्यापलीकडे होतीस.

त्या फोनवर मी काय बोलणार होतो, याचा मी प्रामाणिकपणे शोध घेतला. मी क्षमा मागणार नव्हतो, सगुणा. मी पुन्हा रोशनीच्या निवडीविषयीच बोलणार होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण तू गेल्यावर तुझ्याशी खोटं बोलण्यात अर्थ नाही. आणखी एक सांगतो. तू गेल्यावर माझ्या मनात पहिल्याच दिवशी हा विचार येऊन गेला, की आता रोशनीला पाठवायला कोणी अडवणार नाही. तो विचार आला आणि गेला, पण येऊन गेला.

परवा रोशनीची आई शाळेत आली होती. हातात केंद्राची प्रवेशिका. "सर, ताई तर गेली. आता तुमीच का ते करा. तारीख जवळ आली." मी म्हटलं, "बाई, मी घरी येतो." तिला नवल वाटलं. मुलींची निवड करताना आजवर मी कोणाच्या घरी गेलो नव्हतो. आई-वडील सही करायला शाळेत येत असत.

काल गेलो. अंगणात तेंदूची पानं बांधायच्या दोऱ्या वाळत होत्या. रविवारची सुट्टी म्हणून घरी आलेली रोशनी चूल फुंकत होती आणि माझ्याकडे चोरून बघत होती. मी खाटेवर बसलो आणि तिच्या आईला तो प्रश्न विचारला, जो तुझ्या आईला मी कधीच विचारला नव्हता.

"बाई, रोशनी कधीची?"

"दाखल्यावर आहे ना सर."

"दाखल्यावरचं राहू द्या. तुम्हाला आठवतं तसं सांगा."

ती आधी बिचकली. मग सुरू झाली, आणि मी मध्ये बोललो नाही. नदीला पूर आला होता आणि नाव बंद होती, म्हणून दवाखान्यात जाता आलं नाही. थोरलीला तेव्हा चालता-बोलता येत होतं आणि ती शेजारणीकडे रडत होती. घरी नवी गाय आली होती, तिचं पहिलं वासरू त्याच महिन्यातलं. पुढल्या वर्षी धाकट्या दिराचं लग्न झालं. ती आठवत गेली, मी बोटांवर मांडत गेलो. रोशनी चौदाची निघाली. कदाचित त्याहून थोडी कमीच.

मग मी सांगितलं की ती यंदा निवडीला जाणार नाही. का, तेही सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं, आणि तुझ्या बाबतीत मी काय केलं तेही. आईचा चेहरा उतरला, मग तापला.

"वा सर! एका पोरीचं तुमच्या हातून चुकलं, त्याचा दंड माह्या पोरीनं भरावा?"

ती म्हणत होती ते चूक नव्हतं. मी थांबतो आहे तो रोशनीसाठी की तुझ्यासमोर थोडं ताठ उभं राहता यावं म्हणून, हे मी अजूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही. केंद्रात कदाचित एखादा समंजस प्रशिक्षक तिला भेटलाही असता.

"बरं," ती म्हणाली, "तुमी म्हनता तसं, मोठी झाल्यावर पळन. बारावी झाली का शाळा वसतिगृहातून काढते. तवापासून ते तुमच्या सीनिअरलोक तिले खाऊ कोन घालन? ताई म्हने, मी घालीन. ताई कुठी आहे आता?"

माझंच वाक्य होतं ते. फरक एवढाच की मी ते तुला गप्प करायला वापरलं होतं, आणि या बाईला खरंच उत्तर हवं होतं.

मी म्हणालो, "ती माझ्या घरी राहील. माझ्या घरी जेवेल."

"बायकोले विचारलं का?"

"नाही. घरी गेल्यावर विचारतो."

ती पहिल्यांदा थोडी हसली. "मंग आधी विचारा, आनि मंग सांगा." पण प्रवेशिका तिने घडी करून छपराच्या वाशात खोचून ठेवली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला असं मी म्हणणार नाही. तिने ती पुन्हा माझ्यापुढे धरली नाही, इतकंच.

घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, "सगुणा असताना हे सुचलं नाही?" आणि भांडी आवरायला उठली. थोड्या वेळाने आतून म्हणाली, "मधली खोली रिकामीच आहे."

मी हे तुला आनंदाची बातमी म्हणून सांगत नाही. रोशनीला जेवू घालणं म्हणजे तुझं काही फिटणं नव्हे. तुझी ती दोन वर्षं कुठूनही परत येत नाहीत, आणि ग्रामपंचायतीतली नोंद तशीच आहे. तुझ्या आईकडे जाऊन तिला सांगायचं आहे, की त्या दिवशी मी "हो" म्हणालो ते बरोबर नव्हतं. त्यासाठी पाय अजून उचललेला नाही. उचलेन.

पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. काल मी अंगणातून निघालो तेव्हा रोशनी फाटकापर्यंत मागे आली. केंद्रात जायचं नाही हे तिने ऐकलं होतं, आणि तिचे डोळे भरलेले होते. हात काखेत घालून ती उभी राहिली, तुझ्यासारखीच, आणि तिने खालच्या आवाजात विचारलं,

"मंग सर, उद्या सकारी मैदानावर येऊ नको का?"

मी म्हणालो, "ये."